आत्यानं ठेवलेलं नाव

चार वाजून गेले तरी छाया घरात आली नव्हती, आणि आत्याशिवाय बारसं उरकल्याचं मखमलाबादेत तरी कुणी ऐकलेलं नव्हतं.

पाळण्याला शेवंतीच्या माळा लावून झाल्या होत्या. घुगऱ्या शिजून पातेल्यात निवत होत्या. ओसरीवरच्या सतरंजीवर वीस-पंचवीस बाया झबली-टोपडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे बोलायचे विषय आता संपत आले होते. देवळाली कॅम्पचा जमील शूटिंगवाला पाळण्यावर दिवा पाडून उभा होता. पलटणीतल्या लोकांची लग्नं शूट करणारा हा माणूस दोन वर्षांपासून या घरचे गुलाबाचे व्हिडिओही काढत होता. त्यानं दिवा दोनदा लावला आणि दोनदा विझवला.

आतल्या खोलीत सुवर्णा बारा दिवसांच्या लेकीला काजळ लावत होती. तिची आई लताबाई दारात उभी राहून सारखी बाहेर बघत होती.

"तुझी नणंद आहे तरी कुठं गं?"

"नर्सरीत असतील आक्का. येतील."

"बारशाच्या दिवशीसुद्धा गुलाब? कमाल आहे बाई. नाहीतर त्या चुलत नणंदेला बसव पाळण्यापाशी. मला अंधार पडायच्या आत नाशिक रोडला पोचायचंय."

"आई, आत्याचा मान त्यांचा आहे. आमच्या थोरल्या ओमचं नाव त्यांनीच ठेवलं होतं."

सुवर्णा बोलली खरी, पण आक्कांचं काल दुपारपासून काहीतरी बिनसलं होतं. आक्कांनी सकाळी बाळाला न्हाऊ घातलं, तेल लावलं, धुरी दिली, सगळं रोजच्यासारखं. फक्त बोलल्या नाहीत. एरवी त्या बाळाशी इतकं बोलायच्या की सुवर्णाला हसू यायचं. आज पाण्याचा आवाज तेवढा होता.

नाव ठरलेलं होतं. स्वरदा. सुवर्णानं सहाव्या महिन्यात पेठ रोडच्या सायबर कॅफेत बसून एकेक नाव गूगलवर टाकून बघितलं होतं. सिद्धीच्या हजारो निघाल्या, श्रावणीच्या त्याहून जास्त. स्वरदा मोजक्या होत्या. आपल्या पोरीचं नाव कुणी टाकलं तर आपलीच पोर वर यावी, एवढाच तिचा हिशोब. लताबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, काय बाई एकेक खुळं! पण खूळ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की त्याच खुळानं हे घर उभं केलं होतं.

दोन हजार सहात तिच्या नवऱ्याची, समाधानची, ओझरच्या कारखान्यातली ठेक्यावरची नोकरी गेली. माणूस सहा महिने कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. वडील चिमाजी गेले त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांची गुलाबाची नर्सरी होती, पण ती पत्र्याच्या पाटीपलीकडे कुणाला माहीत नव्हती. सुवर्णानंच डोकं चालवलं. दर मंगळवारी आणि शनिवारी ती कॅफेत जायची, गुलाबाच्या कलमांचे व्हिडिओ चढवायची, लोक काय शोधतात ते बघायची. लोक देवनागरीत लिहीत नाहीत, इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि तेही वाटेल तसं, हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं प्रत्येक व्हिडिओखाली गुलाबाचं आणि कलमाचं सगळं चुकीचं-बरोबर स्पेलिंग भरून ठेवलं. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की नाशिक आणि गुलाब एवढे दोन शब्द टाकले तरी पहिला समाधानच यायचा. समाधान गुलाबवाले. हे नावही तिनंच ठेवलेलं.

"आलं का बाई कुणी?" बाहेरून एकीनं विचारलं.

"बघतो मी," समाधानचा आवाज आला, आणि त्याच्या चपला वाजत नर्सरीकडे गेल्या. सुवर्णानं काजळाची डबी बंद केली.

*

हिरव्या जाळीखाली छाया बैठक मारून बसली होती. साडीवर तो निळा शर्ट होता, पूर्ण बाह्यांचा, समाधानचाच ओझरचा जुना. काट्यांत काम करणाऱ्या बाया घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट अंगात घालतातच, त्यात नवल काही नाही. समोर जंगली गुलाबाच्या खुंटांची रांग होती. छाया चाकूनं खुंटाच्या सालीला चीर द्यायची, साल उचलायची, दुसऱ्या फांदीचा काढलेला कोंबाचा डोळा आत सरकवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. डोळा तेवढा उघडा ठेवायचा. याला डोळा भरणं म्हणतात, आणि चिमाजींनंतर पंचक्रोशीत छायासारखा डोळा भरणारं दुसरं कुणी नव्हतं.

"आक्का, बाया खोळंबल्यात."

"खोळंबू दे."

"लताबाई कुरकुर करायला लागल्यात. चल ना, हात धू."

छायानं एक डोळा भरून पूर्ण केला, पट्टीची गाठ मारली आणि मग शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. "वाच."

समाधाननं कागद उघडला. कॅफेतून छापून घेतलेलं पान होतं. वर त्याच्याच व्हिडिओचं काळपट चित्र होतं, खाली लोकांचे अभिप्राय. त्याला वाचायची गरज नव्हती. दीड महिन्यापूर्वीचं ते पान तो ओळखून होता.

"हे कुठून आलं तुझ्याकडं?"

"ते महत्त्वाचं आहे का?"

"आक्का, मी आजच्या आज काढून टाकतो."

"काय काढतोस? व्हिडिओ की मला?"

बारा माणसांसमोर कॅमेऱ्यात घडाघडा बोलणारा समाधान गुलाबवाले खाली मातीकडं बघत उभा राहिला. खरं सांगायचं तर ते वाक्य त्यानं लिहिलं नव्हतं. पण सुवर्णा विचारायला आली होती, कुणीतरी असं असं विचारलंय, काय उत्तर देऊ. तेव्हा पुण्याच्या कृषी प्रदर्शनाचं पत्र नुकतंच आलं होतं: श्री. समाधान गुलाबवाले यांनी मंचावर प्रत्यक्ष डोळा भरून दाखवावा. त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. तो म्हणाला होता, काहीतरी लिही आणि मिटव. त्या 'काहीतरी'त काय मावेल हे त्यानं विचारलं नाही. नंतर वाचलं, तरी ते काढायला सांगितलं नाही.

"प्रदर्शनाला तू चल माझ्याबरोबर," तो एकदम म्हणाला. "मंचावर तूच कर. मी सांगतो सगळ्यांना."

"कोण म्हणून येऊ? भूत म्हणून?"

"आक्का, असं नको ना बोलू."

"बोललेलं लागतं होय रे? लिहिलेलं नाही लागलं." छायानं चाकू पुसून बाजूला ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, आणि समाधानला त्याचीच भीती वाटली. "तू प्रदर्शनाला जा. अवश्य जा. हात मात्र तुझे ने."

"बारशाचं काय?"

"येते म्हणून सांग. आत्याचा मान माझा आहे, तो मी सोडत नाही."

*

भाऊ घराकडं परतल्यावर छाया जागची उठली नाही.

काल दुपारी एक म्हातारा शेतकरी आला होता, सटाण्याकडचा. दोन बस बदलून आला होता बिचारा. दारातच विचारलं, "हाईच शे ना ती गुलाबवाली नर्सरी?" छायानं पाणी दिलं, बसवलं. त्याला पन्नास कलमं हवी होती. कलमं मोजून घेतली आणि मग त्यानं टोपी काढून हातात धरली.

"भाऊनी बहीण वारनी ना," तो म्हणाला, "वाईट जयं. तिन्हाच हात होता म्हने मूळचा."

छायाला वाटलं, हा कुणा दुसऱ्याच्या मरणाबद्दल बोलतोय. "कोणाची बहीण, बाबा?"

म्हाताऱ्यानं पिशवीतून कागद काढला. नातवानं छापून दिला होता, पत्ता विसरू नये म्हणून. पत्ता खाली होता. पत्त्याच्या वर ते सगळं होतं. बाबाला तिनं म्हटलं, हा कागद मला ठेवाल का? तो म्हणाला, ठेव ना माय. शेवटपर्यंत त्याला कळलंच नाही की आपण कुणाला समाचार विचारायला आलोय.

छाया सातवी शिकलेली. मराठी सरळ वाचायची, पण हे मराठी इंग्रजी अक्षरांत होतं. तिनं खुंटांच्या रांगेत बसून अक्षर अक्षर जुळवलं. कुणीतरी विचारलं होतं, दादा, पट्टी बांधताना बाही वर सरकली तेव्हा हातावर छाया असं गोंदलेलं दिसलं, हे कोण? आणि खाली उत्तर होतं. स-व-र-ग इथपर्यंत आली तेव्हा तिला वाटलं, आपण चुकीचं जुळवतोय. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. तिसऱ्या वेळेला मात्र सगळं नीट लागलं.

'माझी स्वर्गीय बहीण. तिच्याकडूनच ही कला शिकलो. तिच्या आठवणीत हातावर गोंदून घेतले.'

त्याखाली माणसांची रांग लागली होती. ताईंना भावपूर्ण श्रद्धांजली. देव आत्म्यास शांती देवो. धीर धरा दादा. छायानं बोट ठेवून मोजली. सत्तेचाळीस माणसं होती. तिच्या नवऱ्यानं तिला टाकली तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी, ती पत्र्याची पेटी घेऊन या दारात उतरली, तेव्हा सात माणसंसुद्धा विचारायला आली नव्हती.

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि रागापेक्षाही लाज वाटली, कारण या सगळ्यात पहिल्यांदा तीही हसली होती. पहिल्या शूटिंगला समाधाननं चाकू धरला आणि बोटच कापून घेतलं. जमील म्हणाला, आपांना करू द्या ना, मी फक्त हात घेतो. तिच्या अंगात हाच शर्ट होता. आवाज समाधाननं मागून भरला. आठवड्यानं लोकांनी लिहिलं, दादा, काय हात आहे तुमचा! सगळं घर खो खो हसलं. छायाच सगळ्यात जास्त हसली. त्याच वेळी कुणी लिहायला हवं होतं, की हात बहिणीचे आहेत. कुणी लिहिलं नाही, आणि तिनंही म्हटलं नाही. पुढच्या व्हिडिओला सुवर्णा म्हणाली, आक्का, तोच शर्ट घाला, बाह्या खाली असू द्या. तिनं घातला.

ती उठली. हात-पाय धुतले आणि शर्ट काढून जाळीच्या खांबाला अडकवला.

*

रंगूबाई पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. लेक परत आला तो एकटाच, आणि त्याचं तोंड बघून त्यांनी ओळखलं की काहीतरी लय वंगाळ झालंय.

"काय रे? काय म्हनली ती?"

"येते म्हणाली."

"मंग तुझ्या तोंडाला काय झालं? आन् हातात काय हाय ते?"

"काही नाही आई. व्यवहाराचा कागद आहे."

"मला नको शिकवू. वाच."

समाधाननं इकडंतिकडं बघितलं. आईला अक्षर येत नव्हतं, काहीही वाचून दाखवता आलं असतं. पण रंगूबाई त्याच्या डोळ्यांत बघत होत्या, आणि तिथं खोटं वाचायची त्याची छाती झाली नाही. त्यानं ते एक वाक्य वाचलं.

रंगूबाई टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "कुणाची बहीण?"

"आई..."

"मला एकच लेक हाय. तूच सांग, कुणाची बहीण सर्गात गेली?"

"चुकलं आई. पाय धरतो तुझे."

"माझे कशाला धरतो? मी नाय मेले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुझी नोकरी गेली तवा तू सहा महिने खाटंवर पडून होता. कुणी डोळे भरले रं या खुंटांवर? कुणाच्या कलमांवर तुझी पोरं जेवली? तुझ्या बायकूनं मशिनीत घातलं, ते समदं मला मान्य हाय. पर मशिनीत घालायला काय होतं तुमच्यापाशी?"

छाया समोरून आली. रंगूबाईंनी तिचं मनगट धरलं. उघड्या हातावर हिरवट अक्षरं होती, आता थोडी पसरलेली. कालिकेच्या यात्रेत गोंदून घेतलं होतं, पोर सहा वर्षांची असताना. बाकीच्या बाया पोरींच्या हातावर तुळस नाहीतर भावाचं नाव काढून घेत होत्या. चिमाजी म्हणाले होते, हिचं हिलाच काढा. गर्दीत पोरगी हरवली तर कुणाची कोण हे तिच्या हातावर असलं पाहिजे. त्यांना यात्रेतल्या गर्दीची भीती वाटत होती.

"पोरी," रंगूबाई म्हणाल्या. त्यांचा अंगठा त्या अक्षरांवरून फिरत राहिला.

"चल आई. बाया बसल्यात."

*

छाया आधी आतल्या खोलीत गेली. सुवर्णानं तिच्या उघड्या हाताकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, आणि तिला सगळं कळलं.

"आक्का, मी सांगते. तुम्ही ऐकून तर घ्या."

"सांग की."

"मला आठवा महिना होता. कॅफेत दहा मिनिटं उरली होती. तो माणूस सारखा विचारत होता आणि पत्र आलेलं होतं प्रदर्शनाचं. नाव एकच ठेवावं लागतं आक्का, दोन नावं झाली की लोक एकही लक्षात ठेवत नाहीत. मला वाटलं, निदान तुमच्याकडून शिकले असं तरी लिहावं." ती रडायला लागली. "मी दोन वर्षं हे सगळं करतेय. माझं तरी नाव कुठं आहे त्यात?"

लताबाई मध्ये पडल्या. "झालं गेलं. आज शुभ दिवस आहे. बाळंतिणीला रडवू नका."

"मी कुठं रडवतेय, लताबाई?" छाया म्हणाली. तिनं बाळाला उचलून छातीशी घेतलं. "खरं आहे तुझं सुवर्णा. तुझंही नाव नाही. कष्ट तुझेही आहेत, ते मी कधी नाही म्हटलं नाही. पण तुला त्यात कुणी मारलं नाही."

सुवर्णानं मान खाली घातली.

"आणि मेल्यावर का होईना, मला गुरू केलंत. जिवंतपणी जमलं नाही एवढंच."

ती बाळाला घेऊन बाहेर आली. बाया सरसावून बसल्या, हुश्श केलं, कुणी म्हणालं, आली बाई एकदाची महाराणी! जमीलनं दिवा लावला. छाया त्याच्याकडं वळली.

"जमीलभाई, आज माझा आवाज येतो ना त्यात?"

जमील दोन वर्षं प्रत्येक व्हिडिओतला तिचा आवाज पुसत आला होता. चीर खोल देऊ नका, डोळ्यावर पट्टी येऊ देऊ नका, असं ती काम करताना आपसूक बोलायची, आणि तो ते काढून समाधानचा आवाज चढवायचा. त्याला सांगितलेलं होतं तसं. "येतो आपा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पूर्ण येतो."

बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं, नव्या दुपट्यात निजलं. सुवर्णा येऊन पाटावर बसली. समाधान दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. छाया वाकली, बाळाच्या कानाला तोंड लावून तिनं कुर्र केलं आणि काहीतरी सांगितलं. बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला मुठी उगारल्या. ओमच्या वेळी दोन दिवस तिची पाठ दुखत होती.

"काय ठेवलं गं? मोठ्यांदा सांग!"

"छाया."

दोघी-तिघी हसल्या. "अगं बाळाचं विचारलं, तुझं नाही!"

"बाळाचंच सांगते. छाया ठेवलं."

मुठी वरच राहिल्या. लताबाई पुढं आल्या. "हे काय भलतंच? जित्या माणसाचं नाव ठेवतात होय पोराला? किती अपशकुन तो!"

"नाही ठेवत," छाया म्हणाली. "गेलेल्या माणसाचं ठेवतात. आपल्यात पहिल्यापासून तीच रीत आहे. आजी गेली तेव्हा तिचं नाव चुलतबहिणीला दिलं. मीही गेलेय, लताबाई. माझ्या भावाच्या नावानं लिहून आलंय. सत्तेचाळीस माणसांनी श्रद्धांजली वाहिली, सटाण्याहून एक बाबा समाचाराला येऊन गेले. नाव मोकळं झालं होतं. घरातलं नाव वाया कशाला घालवायचं? म्हणून ठेवलं."

बायांना सगळं कळलं नाही, पण जे कळलं तेवढं पुरेसं होतं. एकीनं समाधानकडं बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. तो चौकटीवरून हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. जमीलनं हळूच विचारलं, "आपा, हे कट करू का?"

"नको. जसं आहे तसं राहू दे."

"आई, तुम्ही तरी सांगा ना काही," सुवर्णा सासूला म्हणाली. "नाव बदलता येतं. अजून कुणी घुगऱ्या खाल्ल्या नाहीत."

रंगूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश पाळण्यापाशी आल्या. वाकलेल्या लेकीच्या पाठीवर त्यांनी मूठ मारली, एकच, आणि मग ती मूठ उघडून हात तिथंच ठेवला.

"आत्यानं ठिवलं ते ठिवलं," त्या म्हणाल्या. "घुगऱ्या वाटा गं."

*

बाया लवकर गेल्या. बारशाला एरवी जे रेंगाळणं चालतं ते आज झालं नाही. लताबाई तोंड फुगवून नाशिक रोडच्या रिक्षात बसल्या. जमीलनं दिवा गुंडाळला आणि जाताना समाधानला एवढंच म्हणाला, "भाई, सगळ्या जुन्या टेपा आहेत माझ्याकडे. आपांच्या आवाजासकट. पुसलं ते फक्त व्हिडिओतलं." समाधान त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

ऊन उतरलं होतं. सुवर्णा आतल्या खोलीत एकटी बसली होती. नऊ वर्षांत तिनं नणंदेचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून आक्का. समाधानही आक्काच म्हणायचा, गल्लीही आक्काच म्हणायची. सासरे गेल्यापासून छाया म्हणून हाक मारणारं या घरात कुणी उरलंच नव्हतं. सासूबाईही पोरी म्हणायच्या. व्हिडिओवर नाव नाही म्हणून रडणाऱ्या आपल्याला हे इतक्या वर्षांत कसं दिसलं नाही, असं तिला वाटलं, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

पाळण्यात बाळ जागं झालं. आधी कुरकुरलं, मग टिपेला गेलं. सुवर्णानं दोरी ओढली. "बाळा, ए सोन्या, ए राणी," ती म्हणत राहिली. बाळ ऐकेना. तिनं 'स्व' एवढंच म्हटलं आणि थांबली. ते नाव आता कुणाचंच नव्हतं. दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरून ती वाकली.

"छाया," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, हाक मारावी तसं, "ए छाया..."

खिडकीबाहेर खुंटांना पाणी घालत असलेल्या छायानं सवयीनं, न बघता, ओ दिली.